हौद्याची माती

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. अंबाबाईपुढं हात जोडून उभी राहायची तेव्हा तिलाही नाही — तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसायची, मन इकडं वळायला नको म्हणून. देवीला काय कळत नसेल? पण आपण बोललो नाही म्हणजे ते झालंच नाही, असं मानायची मला फार जुनी खोड. आता दात गेले, तोंडाची चव गेली, आणि चव गेल्यावर आयुष्यात खाल्लेलं एकेक आठवायला लागलंय. तुम्ही माझे कोण लागता, ठाऊक नाही. म्हणूनच तुम्हाला सांगवतंय.

सुरुवात मातीपासून करते. मी माती खात होते.

दचकलात ना? मीही दचकले होते. चांगली मोठी बाई, अंगावर नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू, आणि परसात कुणी नाही बघून माती तोंडात टाकणारी. स्वतःलाच बघून धक्का बसावा असं आयुष्यात फार वेळा होत नाही. मला तेव्हा वाटलं, याहून वाईट आपल्या हातून आणखी काय होणार? काय काय होणार होतं, ते मला कुठं माहीत होतं.

माझे वडील गारगोटीला मास्तर. त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं, म्हणून हे कागदावर उतरतंय; नाहीतर माझ्याबरोबरच जळून गेलं असतं, आणि — खरं सांगू? — मला ते चाललं असतं. महाराजांचं राज्य होतं. खासबागेत कुस्त्यांचं मैदान बांधायचं काम चाललं होतं आणि कोल्हापुरात ज्याला त्याला पैलवान व्हायचं होतं. मला दिली ती पैलवानाच्याच घरात. पैलवान म्हणजे माझा नवरा नव्हे, धाकटा दीर. नवरा सरकारी पागेत घोड्यांच्या दाणावैरणीवर होता; घोड्यांशी बोलून शब्द संपत असावेत, घरी आला की गप्प. घर चालायचं सासूच्या, आत्याबाईंच्या, हुकमावर. आणि आत्याबाई चालायच्या पैलवानाच्या भुकेवर.

ती भूक तुम्हाला कशी सांगू? दारात म्हैस होती, तिचं दूध पैलवानाचं. लोणी-तूप पैलवानाचं. बदाम वाटायचे मी, हात दुखेपर्यंत, आणि ते जायचे पैलवानाच्या थंडाईत. दरबारातून त्याला खुराक चालू होता, म्हणजे महाराजांनीच त्याच्या पोटाची काळजी घेतली होती. मग आम्ही कोण त्यात वाटा मागणार? रविवारी मटण शिजायचं. नळ्या, चांगल्या फोडी, कलेजी त्याला. मग माझ्या नवऱ्याला. मग आत्याबाई. आम्ही दोघी सुना शेवटी बसायचो — भाकरी आणि पातेल्याच्या तळाचा रस्सा. कुणी आम्हाला उपाशी ठेवत नव्हतं हं. पोट भरत होतं. पोट भरणं वेगळं आणि अंगाला लागणं वेगळं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्याही नव्हतं.

दुसरी सून म्हणजे हौसा, पैलवानाची बायको, माझी धाकटी जाऊ. गगनबावड्याकडची. घाटावरच्या पावसात ओरडून ओरडून बोलायची सवय लागलेली असणार, कारण तिला हळू बोलताच यायचं नाही. आली त्याच दिवशी मला ‘अक्का’ म्हणाली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. पण तिचा संसार नावालाच होता. पैलवान निजायला तालमीत असायचा. वस्तादांची सक्त ताकीद होती — मोठी कुस्ती होईपर्यंत बायकोचं तोंड बघायचं नाही. बायकोजवळ गेलेला पैलवान मातीत कच्चा पडतो, असं त्यांचं म्हणणं, आणि तसं आढळलं तर तालमीतून हाकलून देत. येत्या दसऱ्याला त्याची फार मोठी जोड ठरली होती.

आता ती माती.

पैलवानाचे लंगोट धुवायचं काम माझं. परसात दगडी डोणी होती, तिच्यात लंगोट भिजत घालायचे. तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्ती खेळतात त्या खड्ड्यातली, तांबडी माती त्यांना घट्ट चिकटलेली असायची. ती साधी माती नव्हे. ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून, तुडवून तुडवून मऊ केलेली. त्या हौद्यावर बाईची सावली पडू देत नसत. आणि तीच माती माझ्या डोणीच्या तळाला बसायची, लोण्यासारखी मऊ, लालभडक. तिचा वास यायचा. एके दिवशी मी बोट बुडवलं आणि चाटलं.

का? मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तोंडाला असं पाणी सुटलं की गिळता गिळता दमले. दुसऱ्या दिवशी परत. मग डोणी रिकामी झाली की चुलीच्या कडेची भाजकी माती खरवडायची. सुपातले कच्चे तांदूळ. एकदा तर शेणीची राख. बाकी कशावर वासना जात नव्हती — समोर पुरणपोळी आली तर मी भिंतीकडं बघत बसले असते. आणि त्याच सुमारास हौदावरून पाण्याची घागर आणताना मला धाप लागायला लागली. डोकं गरगरायचं. नखं पांढरी पडली. आणि माझं महिन्याचं बाहेर बसणंही थांबलं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — टाळत होते. आत्याबाई अलीकडं नेसरीच्या कुणा नातलगाच्या मुलीचं नाव सारखं काढत होत्या. मुलगी कामाला वाघ आहे, तिच्या आईला सात पोरं झाली, असं माझ्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या. तो नेहमीसारखा गप्प. त्याचं गप्प राहणं म्हणजे नकार की होकार, हे मला रात्रंदिवस खात होतं. सवत येणार होती. मी बदाम वाटत राहणार होते, फक्त आता तिच्यासाठी.

आणि अशात आत्याबाईंनी मला धरलं. डोणीपाशी, बोटं तोंडात, ओठ लाल. मला वाटलं आता झिंज्या धरून ओढणार. हौद्याची माती, मारुतीरायाची माती, आणि सुनेच्या तोंडात!

त्या खाली वाकल्या. मग एकदम माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

“चंद्रा! अगं, डोहाळं लागल्यात व्हय गं तुला?” आणि मी तोंड उघडायच्या आत वळून आख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं, “आयकलं का गं बायांनू! पोटातनंच हौद्याची माती मागाय लागलाय! पैलवान हाय, पैलवान येतुया माझ्या घरात!”

हसू येतं ना? गल्लीला तर केवढा आनंद झाला. दुसऱ्या कुठल्या गावात सुनेनं माती खाल्ली असती तर नुसते डोहाळे म्हणाले असते. आमच्यात तालमीची माती खाल्ली म्हणजे पोटात पैलवानच. बाया बघायला यायच्या. खुद्द वस्तादांनी — जे बाईकडं मान वर करून बघत नसत — पिवळ्या फडक्यात बांधून हौद्यातली मूठभर माती पाठवली. होणाऱ्या पोराच्या आईला म्हणून. आत्याबाईंनी ती पुडी देवाजवळच्या कोनाड्यात ठेवली, माझ्यासाठी.

आणि मी? मला ते खरंच वाटलं. बाहेर बसणं थांबलं होतं, माती खावीशी वाटत होती, गरगरत होतं — मग दुसरं काय असणार? त्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते इथंच संपतं.

त्या दिवसापासून माझं ताट बदललं. आत्याबाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त कुणाला खायला घालायचं ते पक्कं ठरवून टाकायची सवय होती, आणि आता त्यांनी ठरवलं मला. पैलवानाची कलेजी माझ्या ताटात आली. खरपूस तळलेली, वर मीठ-चटणी. गूळ-खोबरं घालून अळिवाचे लाडू. खजूर. मी नवऱ्याच्या आधी जेवायला लागले, पाटावर बसून, आणि आत्याबाई समोर बसून “खा गं, खा” म्हणायच्या. आईच्या घरून आल्यावर मला कुणी असं म्हटलं नव्हतं. रडू यायचं. खात खात रडायची.

आणि काय झालं माहीत आहे? अंगात जीव आला. घागर घेऊन चढ चढताना धाप लागेनाशी झाली. नखांना रंग आला. एके दिवशी कोनाड्यातली पुडी सोडून मी चिमूटभर माती तोंडात टाकली आणि थू करून थुंकले. माती लागली ती. नुसती माती! इतके दिवस जिच्यासाठी जीव टाकत होते, ती दातांत कचकचायला लागली. मला गंमत वाटली. डोहाळे पुरले, असं समजले मी. पुडी परत बांधून ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला रक्त गेलं.

मी परसात उभी होते. पहिल्यांदा वाटलं, पोर गेलं. पण ते तसं नव्हतं हो. दुखणं नाही, कळा नाही, दरमहा यायचं तसं आलं आणि गेलं. बाईला कळतं. पोट पहिल्यापासून होतं तसंच सपाट होतं. पोर गेलं नव्हतं, पोर कधी नव्हतंच. मग माझं सगळं थांबलं होतं ते कशानं? माती का मागत होते मी? मला काही उलगडेना, आणि उलगडायला मला सवड तरी कुठं होती? डोळ्यांपुढं नेसरीची मुलगी उभी राहिली.

त्या दिवसांत आमच्याकडं बाई चुलीला शिवत नाही, देवाकडं जात नाही. मी गेले. सगळं शिवले. पाटावर बसून कलेजी खाल्ली. आणि माझी फडकी — लाज वाटते लिहायला — माझी फडकी मी पैलवानाच्या लंगोटांबरोबर त्याच डोणीत धुतली. तांबड्या मातीच्या त्या पाण्यात माझं रक्त कुणाला दिसणार होतं?

याच दिवसांत हौसानं मला तिचं गुपित सांगितलं. जात्यावर बसलो होतो दोघी. जात्याच्या घरघरीत ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. तिला दिवस गेले होते. चैत्रात ती माहेरी असताना तिकडच्या जत्रेला पैलवान गेला होता, तिथं दोघं एका घरात राहिली होती — नवराबायको, त्यात नवल ते काय? पण वस्तादांना कळलं तर त्याला तालमीतून काढतील, दसऱ्याची कुस्ती जाईल, दरबारचा खुराक बंद होईल. त्यानं तिला शपथ घातली होती, कुस्ती होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. म्हणून महिना आला की ती खोटंच बाहेर बसायची.

“अक्का, तुमाला तेवडं सांगितलं. तुमी पन तशाच की आता. आपली दोन पोरं एकाच डोणीत आंगुळ करतील बगा.”

मी “व्हय की” म्हणाले. अजून तिचा चेहरा दिसतो. घरात आपल्यासारखीच आणखी एक आहे, याचा केवढा आनंद झाला होता तिला. तो चेहरा ओढलेला होता, ओठ पांढरे. मी बघितलं होतं ते. चुलीमागची भिंत नखांनी उकरलेली मी बघितली होती, आणि त्या वेळी ती नखं माझी नव्हती.

पुढचं भराभर सांगते, कारण रेंगाळले तर सांगणार नाही. पोट दिसायला हवं होतं आणि दिसत नव्हतं. आत्याबाई डोहाळजेवणाची भाषा करायला लागल्या. मी दिवस मोजत बसले — पुन्हा केव्हा रक्त जाईल याचे. गेलं, तेव्हा मी परसात आडवी पडले आणि किंचाळले. पोर गेलं म्हणून किंचाळले. सुईणीला बोलवायला निघाल्या तेव्हा म्हणाले, सगळं पडून गेलं, मी पुरून टाकलं. लिंबाखालची जागासुद्धा दाखवली. रात्रभर आत्याबाई तिथं दिवा लावून बसल्या होत्या. त्या जागी काही नव्हतं. ओली माती होती.

दुःखाला कारण लागतं. सकाळी आत्याबाई देवापुढं गेल्या, कोनाड्यातली पुडी काढली, आणि ती रिकामी होती. फडकं चाटूनपुसून साफ केलेलं. त्यांनी शोध केला नाही, हौसाचं तोंड उघडून बघितलं. दातांच्या फटींत लाल माती होती.

“जावंच्या पोराच्या वाटची माती खाल्लीस? तिचं पोर खाल्लंस गं, कैदाशिनी!”

हौसा एवढंच सांगू शकली असती — मलाही डोहाळे लागलेत. पण शपथ होती. ती माझ्याकडं बघत राहिली. अक्का सांगेल, असं तिच्या डोळ्यांत अगदी स्वच्छ दिसत होतं. आत्याबाईही माझ्याकडं वळल्या.

“चंद्रा, तू बघिटलंस का हिला त्या पुडीतली माती खाताना? खरं सांग.”

आणि मी म्हणाले, “व्हय. बघिटलं.”

खोटं नव्हतं ते. हीच तर गंमत आहे माझी, मी खोटं फारसं बोललेच नाही. एका शब्दाचं खरं बोलले आणि दोन वाक्यांचं खरं गिळलं. मला दिवस नव्हते. हिला आहेत. एवढंच बोलायचं होतं. किती वेळ लागला असता?

त्याच दिवशी तिला गाडीत बसवून माहेरी धाडलं. पावसाचे दिवस होते, गगनबावड्याची वाट चिखलाची, वरून इरलं पांघरलेलं. पैलवानाला तालमीत निरोप गेला. तो आला नाही. तो का गप्प बसला, ते त्याचं तो बघेल. मी माझं सांगतेय.

पाऊस उघडल्यावर हौसाचे वडील चालत आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही. त्यांचाही आवाज लेकीसारखाच मोठा होता, आणि त्या आवाजात ते आत्याबाईंना म्हणाले, “इहीणबाई, पोर माझी पोटुशी हुती. तुमास्नी ठावं हुतं का न्हाय, मला म्हाईत न्हाय. दिवस भरायच्या आदीच मोकळी झाली. रगात थांबंना. सुईन म्हनली, हिच्या आंगात रगातच न्हवतं, ते जाया बी किती येळ लागनार.”

मग ते तसेच वळून गेले. आत्याबाई उंबऱ्यातच बसल्या. मी स्वयंपाकघरात होते. पोर पण गेलं का, हे कुणी विचारलं नाही. विचारायची हिंमत कुणाला होती?

पैलवानानं दसऱ्याची कुस्ती सोडली. वस्तादांच्या पायांवर लंगोट ठेवला आणि भुदरगडाकडं कुणाचं तरी रान कसायला निघून गेला. पुन्हा हौद्यात उतरला नाही. नेसरीची मुलगी काही आली नाही; घरात कुणाच्या लग्नाची गोष्ट काढायची सोयच उरली नव्हती. म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. बघा.

काही वर्षांनी मला खरोखरच दिवस गेले. परत तीच धाप, तीच गरगर, आणि एके दिवशी मी चुलीकडं बघत उभी आहे असं माझ्या ध्यानात आलं. कुणाला काही न सांगता मी दवाखान्यात गेले. तिथं डॉक्टरीणबाई होत्या. मी तोंडातून शब्द काढला नव्हता, त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली आणि सहज विचारलं, “माती खावीशी वाटते का?”

मी खाटेवर ताठ उठून बसले. यांना कुणी सांगितलं? हौसानं? इतकी मी सैरभैर झाले की खरंच हे माझ्या मनात आलं.

त्यांनी शांतपणे सांगितलं. अंगातलं रक्त कमी झालं, की कित्येक बायकांना माती, राख, कच्चे तांदूळ असलं काहीबाही खावंसं वाटतं. दर वेळी तेच कारण असतं असं नाही, पण बाई माती खाते म्हटलं की मी आधी तिची पापणी बघते, म्हणाल्या. पोटुशी असो वा नसो. फार रक्त आटलं तर महिन्याचंही थांबतं, आणि बाई समजते दिवस गेले. मातीनं भागत नाही, पोटात गेलेलं अन्नही अंगी लागत नाही, जंत होतात ते वेगळंच. मग औषधाच्या गोळ्या दिल्या आणि काय खायचं ते सांगितलं. पहिलं नाव कलेजीचं घेतलं.

मी घरी कशी आले, आठवत नाही. सगळं सरळ झालं होतं — मी का माती मागत होते, ती का सुटली, रक्त का परत आलं. आमच्या घरात पैलवान नव्हता येणार. आमच्या घरात दोन सुना सुकत चालल्या होत्या, आणि दारात म्हैस उभी होती. पण खरा धक्का मला त्याचा बसला नाही. धक्का याचा बसला, की त्यांनी सांगितलेलं निम्मं मला आधीपासून माहीत होतं.

आत्याबाई गेल्या तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. शेवटचे काही दिवस त्या एकच विचारत होत्या. “मीच मारली न्हवं गं तिला? मीच धाडली न्हवं पावसात?” थकलेली म्हातारी बाई, माझा हात घट्ट धरून विचारायची. तो भार माझा होता. मी एक वाक्य बोलले असते तर त्या हलक्या होऊन गेल्या असत्या. मी म्हणायची, “निजा आत्याबाई.” पाय चेपायची. सुनेनं सासूचं केवढं केलं, असं गल्लीत नाव झालं माझं.

इथं थांबता आलं असतं. सासरच्या धाकानं खोटं पोर धरलं, भीतीनं ‘व्हय’ म्हणाले, पुढं बोलायची छाती झाली नाही — एवढं वाचून तुम्हाला माझी थोडी कीवही आली असती. कागद इथंच घडी घालून ठेवायचा असं ठरवलंही होतं मी. पण एक उरलंय. ते मी स्वतःशीसुद्धा कधी पूर्ण बोललेले नाही.

कोनाड्यातली ती पुडी हौसानं चोरली नव्हती.

जात्यावर तिनं गुपित सांगितलं, त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. दुपार. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी पाटावर बसले होते, ताटात कलेजी, आणि मी कुठल्या दिवसांत होते ते तुम्हाला आता माहीत आहे. हौसा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिनं आयुष्यात कुणाकडं काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं. ती हात पिठात तसेच ठेवून वळली.

“अक्का, एक फोड द्या की. वास आला की जीव निस्ता कासावीस हुतुया बगा. एकच.”

ताटात पुष्कळ होती. तिच्या पोटात पोर आहे, हे मला माहीत होतं. माझ्या पोटात नाही, हेही माहीत होतं. माझी मातीची ओढ हे खाऊन गेली आणि तिला तीच ओढ लागलीय — डॉक्टरीणबाईंसारखं नाही, पण माझ्या अंगाला पक्कं माहीत होतं. त्या एका घासभर वेळात हे सगळं माझ्यापुढं उभं होतं. कुणी बघत नव्हतं. कुणाचा धाक नव्हता. सवत नव्हती, सासू नव्हती. मला फक्त ती द्यायची नव्हती. इतक्या वर्षांनी ताटात आली होती हो, आणि मला ती माझी वाटत होती.

मी म्हणाले, “ही पोटातल्या जिवासाठी हाय, हौसा.”

मग उठले, कोनाड्यातली पिवळी पुडी काढली आणि तिच्या पिठाच्या हातावर ठेवली. “तुला माती लागतीया न्हवं? ही घे. मला काय आता नगं. लागंल तशी खा, फडकं तेवडं जाग्यावर ठेवत जा.”

ती रागावली नाही. लाजली. मागितलं याचीच तिला लाज वाटली असावी. “व्हय की अक्का,” म्हणाली, आपल्या त्या मोठ्या आवाजात. “तुमीच खावा. तुमच्या बाळाला पायजे ती.” आणि माझ्यासमोर मांडी घालून, पुडी सोडून, तिनं माती खायला सुरुवात केली.

आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो. मी ताट बोटानं पुसून खाल्लं.